आधी श्वास सोडा

२०२१च्या एप्रिलमध्ये पुण्यात करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. त्या लाटेत मी आजारी पडले आणि रुग्णालयात राहून घरी आले. ताप गेला, खोकलाही बराचसा गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरच्यांना वाटलं, संपलं एकदाचं. धाप मात्र राहिली. ओटा पुसताना, अंघोळ करताना, फोनवर जरा लांब वाक्य बोलताना दम लागायचा. उभा जन्म वर्गात मोठ्या आवाजात शिकवण्यात गेला होता. आता नातवाला गोष्ट सांगताना मध्येच थांबावं लागे.

छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. वयानं माझ्या मुलीएवढी असेल. तिनं बराच वेळ माझा श्वास नुसता पाहिला आणि म्हणाली, "काकू, हवा आत ओढायची घाई सोडा. आधी आतली बाहेर जाऊ दे, नवी आपोआप येईल." पुढे जे काही शिकले, त्याचं मूळ या सांगण्यात आहे.

हा प्रश्न करोनापुरता नाही. साधा फ्लू, स्वाइन फ्लू, विषाणूंमुळे झालेला न्यूमोनिया यांच्यानंतरही कित्येकांची धाप रेंगाळते. सोसायटीतलं, भजनी मंडळातलं कुणी आजारातून उठलं की माझ्याकडे चौकशी करतं. त्यांना तुकड्या-तुकड्यांत सांगत आले ते आज एकत्र लिहिते आहे.

१. व्यायामाआधी धापेचं कारण शोधून घ्या

हे पहिलं, कारण यात हयगय केली तर जिवावर बेतू शकतं. आजारानंतरच्या धापेमागे अनेक कारणं असू शकतात. फुप्फुसात व्रण राहिलेला असतो, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असते, किंवा आधीचा दबलेला दमा उफाळून आलेला असतो. आपल्याकडच्या बायकांत तर रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे, की हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय धापेबद्दल बोलूच नये. छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी एको, रक्त आणि जोरात फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, यातलं काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. श्वासाच्या व्यायामानं गुठळी विरघळत नाही आणि रक्तही वाढत नाही. दमलेले स्नायू आणि बिघडलेली श्वासाची लय एवढंच त्यानं सुधारतं, आणि तेही थोडंथोडकं नाही.

काही खुणा मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. छातीत दुखणं, थुंकीतून रक्त येणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, ओठ किंवा नखं निळसर दिसणं, भोवळ येणं, आडवं झाल्यावर गुदमरणं, बसल्या जागी धाप वाढत जाणं. यातलं काहीही दिसलं तर फुंकर आणि प्राणायाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. माणसाला बोलवेनासं झालं असेल तर सरळ १०८ला फोन करा. ऑक्सिमीटरचा आकडा स्वस्थ बसलेला असताना ९४च्या खाली राहू लागला तर डॉक्टरांना विचारा. ९२ किंवा त्याखाली गेला तर वाट पाहू नका. बोटं गार असली किंवा नखांवर नेलपॉलिश असलं तर आकडा चुकू शकतो, तेव्हा नेलपॉलिश काढून, बोट चोळून, ऊब आणून पुन्हा बघा.

दुसऱ्या लाटेत सहा मिनिटं चालण्याची चाचणी आपल्याकडे घरोघर पोचली. बसून आकडा बघायचा, घरातच सपाटीवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. तब्येत सुधारू लागल्यानंतरही ही तपासणी उपयोगाची आहे. बसल्या जागीच धाप लागत असेल त्यानं मात्र ती करू नये.

श्वास रोखून धरण्याच्या 'चाचणी'चा निरोप २०२०मध्ये प्रत्येकाच्या फोनवर आला होता. दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे फुप्फुसं ठणठणीत, असं त्यात म्हटलं होतं. ते खोटं असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं तेव्हाच जाहीर केलं. तरी अजून लोक ती करून बघतात आणि धाप वाढवून घेतात. कृपा करून करू नका.

२. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी धाप खरी असते

माझ्या बाबतीत हेच होतं. आकडा चांगला आणि जीव मात्र कासावीस. अशा वेळी भोवतालची माणसं म्हणतात, "मनाचे खेळ आहेत, दुसरीकडे लक्ष घाल." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला फार एकटं वाटतं.

घडतं ते असं. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि त्यातलं बहुतेक काम छाती व पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा रुंद स्नायू करतो. आजारपणात खोकला, ताप, भीती आणि अंथरुणावरचे दिवस यामुळे तो ढिला पडतो. मग त्याचं काम मान आणि खांद्यांचे स्नायू उचलतात. ते सतत हे काम करण्यासाठी नसतात, त्यामुळे लवकर थकतात. श्वास वरच्या वर, तोकडा आणि भरभर होतो. तोकड्या श्वासातली बरीचशी हवा श्वासनलिकेतूनच परत फिरते. हवा पुरत नाही असं वाटून माणूस आणखी भराभर श्वास घेतो आणि चक्र सुरू होतं. त्यातच अंथरुणावर पडून पायांचे स्नायूही गळालेले असतात. अशक्त पायांना चार पावलांसाठीही जास्त प्राणवायू लागतो.

हे कळल्यावर मला फार धीर आला. बिघाड कुठे आहे ते समजलं की तो दुरुस्त करण्याची वाटही दिसते.

३. धाप लागली की आधी शरीर टेकवा

उभ्या उभ्या मोठे श्वास घेण्याचा प्रयत्न करू नका. आधी हातांना आणि पाठीला आधार द्या. खुर्चीत बसून थोडं पुढे वाका आणि कोपरं मांड्यांवर टेकवा. जेवणाचं टेबल असेल तर त्यावर उशी ठेवून डोकं आणि हात त्यावर सोडा. स्वयंपाकघरात असाल तर ओट्यावर कोपरं टेकवून ओणवं व्हा. रस्त्यात असाल तर भिंतीला पाठ टेकवा, पाय भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि खांदे सैल सोडा. जिन्यात कठडा असतोच.

हात टेकलेले असले की खांद्यांच्या स्नायूंना हातांचं ओझं धरावं लागत नाही, ते बरगड्या उचलायला मोकळे होतात. पुढे वाकलं की पोट सैल पडून श्वासपटलाला हलायला जागा मिळते. धावपटू शर्यत संपल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात तेही याचसाठी.

रात्रीसाठी वेगळी रचना लागते. कुशीवर झोपून डोक्याखाली आणि खांद्याखाली दोन-तीन उशा उतरत्या लावायच्या, मान लोंबकळू द्यायची नाही, गुडघे किंचित दुमडायचे. आमच्या घरी जुन्या गोधड्यांच्या घड्या घालून हा उतार केला होता आणि तो उशांपेक्षा चांगला टिकला.

४. फुंकर घालायला शिका

साऱ्या व्यायामांत एकच ठेवायचा म्हटलं तर मी हा ठेवीन.

तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास घ्या, मनात दोनपर्यंत मोजा. मग ओठांचा छोटा चंबू करून बशीतल्या गरम चहावर घालतो तशी हलकी फुंकर सोडा, मनात चारपर्यंत मोजत. गाल फुगवायचे नाहीत, पोट आवळायचं नाही, शेवटचा थेंबही बाहेर पडावा म्हणून जोर लावायचा नाही. आकड्यांना फार धरूनही बसू नका. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब हवा, एवढं पाळलं की झालं. सुरुवातीला कुणाला एक आणि दोनच जमतं, तेही चालतं.

ओठांतली वाट अरुंद असल्यामुळे आतल्या हवेवर थोडा दाब राहतो. त्या दाबानं बारीक श्वासनलिका उघड्या राहतात आणि आत कोंडलेली जुनी हवा बाहेर पडते. ती गेली की नव्या हवेला जागा होते. श्वासांची गतीही आपोआप मंदावते. दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांना फिजिओथेरपिस्ट हे कित्येक वर्षांपासून शिकवत आले आहेत. करोनानंतर ते आपल्या घरांत आलं, एवढंच.

धाप लागल्यावर शिकायला बसू नका. बरं वाटत असताना, टीव्ही बघताना, भाजी निवडताना सराव करा, म्हणजे धापेच्या वेळी ओठ आपसूक ती जागा घेतात. एका बैठकीत पाच-सहा फुंकरा पुरेत. डोकं हलकं झालं, ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर आपण फार जोरात करतो आहोत असं समजून थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

५. पोटाला हलू द्या

पाठीवर झोपा, डोक्याखाली उशी, गुडघे दुमडून त्यांच्याखाली लोड. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. नाकानं श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. सोडताना पोट आपोआप खाली जाईल. पोट मुद्दाम फुगवणं वेगळं आणि श्वासानं वर येणं वेगळं. हा फरक सांगून कळत नाही, हाताखाली कळतो. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी काही मिनिटं, जेवल्यावर लगेच नको.

आमच्या पिढीच्या बायकांसाठी यात एक अडचण आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. परकराची नाडी करकचून बांधायची आपल्याला सवय असते. कमरेला असा आवळलेला पट्टा असला तर श्वासपटल खाली उतरणार कुठे? व्यायामाच्या वेळी सैल गाऊन किंवा सलवार घाला आणि एरवीही नाडी एक बोट सैल बांधा. पुरुषांनी पट्ट्याचं एक भोक मागे घ्यावं.

झोपून जमलं की बसून, बसून जमलं की उभं राहून, मग चालताना. ही चढण घाईनं चढायची नाही. मला झोपल्यावर लवकर जमलं, बसल्यावर पुन्हा खांदे वर जाऊ लागले. आरशासमोर बसले तेव्हा ते दिसलं. आरसा हा या व्यायामाचा चांगला गुरू आहे.

पालथं झोपण्याबद्दलही लोक विचारतात. आजार जोरात असताना प्राणवायू वाढवण्यासाठी ते सांगितलं जात होतं. रेंगाळलेल्या धापेवर तो रोजचा व्यायाम नाही.

६. जोर लागेल त्या क्षणी श्वास सोडा

माणूस जड काम करताना नकळत श्वास धरतो. बादली उचलताना, गादीची गुंडाळी करताना, खाली बसून उठताना, कपाटाच्या वरच्या फळीवरून डबा काढताना. निरोगी माणसाला त्यानं काही होत नाही, पण आजारातून उठलेल्याचा दम तिथेच जातो. म्हणून रीत उलटी करायची. काम करण्याआधी नाकानं श्वास घ्यायचा आणि जोर लावताना फुंकर सोडायची. उठताना फुंकर. बादली उचलताना फुंकर. दार ढकलताना फुंकर.

जिन्याचा हिशेब असा. तळाशी उभं राहून श्वास घ्या, सोडत सोडत एक किंवा दोन पायऱ्या चढा, थांबून पुन्हा घ्या. वरच्या मजल्यावर पोचण्याची घाई नको. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. ह्यांनी प्रत्येक मजल्याच्या चौकात एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं होतं. शेजाऱ्यांनी ती स्टुलं कधी हलवली नाहीत आणि मग तर गुडघे दुखणारे बाकीचेही त्यावर बसू लागले. प्रत्येक जुन्या इमारतीत अशी स्टुलं असावीत, असं मला मनापासून वाटतं.

अंघोळ हे आजाऱ्याचं सगळ्यात दमवणारं काम आहे, आणि घरातल्या धडधाकट माणसांच्या ते ध्यानातही येत नाही. वाफ, ओणवं होणं, डोक्यावर हात नेणं, अंग पुसणं, सगळं एकदम. स्टुलावर बसून अंघोळ करा, पाणी फार कढत घेऊ नका, खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि अंग पुसण्याऐवजी मोठा पंचा किंवा टॉवेल पांघरून दोन मिनिटं बसून राहा. केस धुण्याचा दिवस वेगळा ठेवा, त्या दिवशी दुसरं काम नको.

किती करायचं याचं माप सोपं आहे. शून्य म्हणजे अजिबात धाप नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही इतकी, अशी पट्टी मनात धरा. तीन-चारच्या आसपास राहा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर गती बरोबर आहे. शब्दाशब्दाला थांबावं लागत असेल तर थांबा.

या रीतीनं मी पुढे पर्वतीही चढले. १०३ पायऱ्या, रुंद आणि उतरत्या, अध्येमध्ये बसायला भरपूर जागा. शनिवारवाड्याकडची बाजू न्याहाळत, बसत बसत गेले. वरच्या देवळात पोचायला किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही आणि तुम्हीही पाहू नका.

७. चांगल्या दिवशी स्वतःला आवरा

एके दिवशी सकाळी उठल्यावर एकदम हलकं वाटतं. मग आपण साठलेली सगळी कामं काढतो. कपाट आवरणं, भाजी आणणं, सणाची तयारी. त्या दिवशी सगळं जमतंही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, धाप दुप्पट आणि अंग मोडून आल्यासारखं. विषाणूजन्य आजारानंतर काही लोकांत हा प्रकार ठळक असतो. श्रम आणि त्याची शिक्षा यांत एक-दोन दिवसांचं अंतर असल्यामुळे कशानं काय झालं तेच कळत नाही.

म्हणून व्यायाम वाढवायचा की नाही, हे आजच्या दमावरून ठरवू नका, उद्याच्या आणि परवाच्या सकाळवरून ठरवा. दोन्ही सकाळी ठीक असाल तर थोडं वाढवा. नसाल तर कमी करा आणि त्याचा कमीपणा मानू नका. दर वाढीनंतर जे असे कोसळतात त्यांनी रोज थोडं थोडं वाढवत नेण्याचा नेम धरूच नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. जागतिक आरोग्य संघटनेनं करोनातून उठलेल्यांसाठी घरी वापरायची पुस्तिका काढली आहे, तिच्यातही हीच सावधगिरी आहे: कामाचे तुकडे पाडा, आधी आखणी करा, महत्त्वाचं तेवढंच ठेवा.

सुनेनं यात मला फार सांभाळलं. त्या वर्षी फराळाचं तिनं आणि मुलानं मिळून केलं. मी खुर्चीवर बसून चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगितलं. घरातल्या कर्त्या बाईला बसून राहणं जड जातं, पण बसून राहणं हा त्या काळातला औषधोपचारच असतो.

८. तीन गोळ्यांचं यंत्र ओढायचं असतं

निळ्या-पिवळ्या गोळ्यांचं ते स्पायरोमीटर करोनाच्या त्या दोन वर्षांत घराघरांत आलं. पुष्कळ लोक त्यात फुंकतात. ते श्वास आत घेण्याचं यंत्र आहे. आधी सावकाश श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि हळूहळू हवा आत ओढा. साधारणपणे गोळ्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. हवा किती वेगानं ओढली, हे त्यावरून कळतं. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यापेक्षा पहिली गोळी वर नेऊन काही क्षण तिथे टिकवणं जास्त चांगलं. घरात चढाओढ लावू नका. यंत्र नसेल तर मुद्दाम आणायलाच हवं असंही नाही, वरचे व्यायाम पुरतात.

श्वासाचा व्यायाम म्हणून फुगे फुगवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्या फुप्फुसाला इजा झाली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुग्याला हात लावू नये.

९. प्राणायाम जरूर करा, पण क्रमानं

आपल्या भागात याची मोठी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी काम केलं. गुरुजींचा जन्म १९१८च्या डिसेंबरचा, इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीतला. त्यांच्या आईलाही तेव्हा तो आजार झाला होता. लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षय यांनी त्यांना पार खंगवलं. अशा देहानं योग सुरू करून १९३७ साली ते पुण्याला आले. दुर्बळ माणसाला लोड, घोंगड्या, खुर्ची यांचा आधार देऊन आसनात ठेवायची त्यांची पद्धत जगभर गेली. पाठीच्या कण्याखाली लांबट घडी ठेवून नुसतं पडून राहिलं तरी छाती कशी उघडते, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

पण आजारातून उठल्या उठल्या कपालभाती आणि भस्त्रिका नकोत. दोन्हींत श्वास जोरानं फेकायचा असतो आणि थकलेल्या स्नायूंना ते सोसत नाही. खोकल्याची उबळ येते, चक्कर येते. श्वास रोखणंही नको. सुरुवातीला संथ श्वास, मग न रोखता केलेला अनुलोम-विलोम, आणि भ्रामरी. भ्रामरीत गुंजारव लांबवला की उच्छ्वास आपसूक लांबतो. गुणगुणताना नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी वाढतं, असं २००२मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं आहे. त्यानं धाप बरी होते असा दावा मी करणार नाही. मला मात्र भ्रामरीनंतर शांत वाटतं आणि झोप चांगली लागते.

१०. गा

आजारानंतर भजनाला जायची मला भीती वाटत होती. आवाज चिरकला तर, मध्येच दम लागला तर. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "तू नुसती टाळ धर, धृपदाला ओठ हलव." तिथूनच सुरुवात झाली.

गाणं म्हणजे उच्छ्वास मोजून खर्च करणं. ओळ संपेपर्यंत श्वास पुरवायचा, मग पटकन आणि खोल घ्यायचा. श्वासाचा याहून आनंदी व्यायाम मला माहीत नाही. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरानं इम्पिरियल कॉलेजच्या रुग्णालयांबरोबर २०२०मध्ये नेमका असाच उपक्रम सुरू केला. करोनानंतर धाप राहिलेल्या लोकांना गायक मंडळी ऑनलाइन श्वासाचे धडे देत आणि अंगाईगीतं शिकवत. पुढे रीतसर चाचणी घेतली तेव्हा सहभागी लोकांच्या मानसिक स्वास्थ्यात आणि धापेच्या काही बाबतींत सुधारणा आढळली. आपल्याकडे तर गावोगाव हरिपाठ आहे, काकड आरती आहे, वासुदेव आणि भारुडं आहेत. संध्याकाळी दिवेलागणीला मोठ्यानं परवचा म्हणण्याची रीत होती, ती नातवंडांबरोबर पुन्हा सुरू करा. सुरुवातीला अर्ध्या ओळीवर श्वास घेतलात तरी विठ्ठल रागावत नाही.

११. घरातली हवा सांभाळा

मिरचीच्या फोडणीचा खकाणा, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, झाडताना उडणारी धूळ. बऱ्या झालेल्या फुप्फुसांनाही यानं ठसका लागतो, मग दुखऱ्यांचं काय होईल. काही महिने देवापुढे फक्त निरांजन लावा. फोडणीच्या वेळी खिडकी उघडा आणि आजारी माणसाला बाहेरच्या खोलीत बसवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फिरायला जाण्याऐवजी ऊन आल्यावर जा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडवणं हाच त्या घरातला पहिला श्वासाचा व्यायाम आहे.

१२. भीती आणि धाप एकमेकींना वाढवतात

रात्री दोनला जाग येते, घशाशी काहीतरी दाटल्यासारखं होतं, आणि रुग्णालयातले दिवस डोळ्यांपुढे येतात. ज्यांनी शेजारच्या खाटेवरचं माणूस जाताना पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. अशा वेळी आधी सुरुवातीला सांगितलेल्या धोक्याच्या खुणा तपासा. त्यातलं काही नसेल तर उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, पंखा चेहऱ्यावर येऊ द्या. चेहऱ्यावर गार वारा आला की धापेची जाणीव खरोखर कमी होते. हातपंखाही चालतो. मग फुंकर, मोजत.

घरच्यांना एक विनंती आहे. अशा वेळी चारी बाजूंनी घोळका करू नका, "काय होतंय, काय होतंय" असं विचारत राहू नका. उत्तर द्यायलाही श्वास लागतो. एकानं शेजारी बसावं, पाठीवर हात ठेवावा आणि स्वतः सावकाश श्वास घ्यावा. दुसऱ्याचा संथ श्वास ऐकत आपलाही संथ होतो. हे माझ्यासाठी ह्यांनी रात्रीच्या रात्री केलं आहे.

भीती उतरतच नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. फुप्फुसाला डॉक्टर लागतो तसा मनालाही लागतो.

१३. पुन्हा एकदा तपासून घ्या

करोनाची लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनंतरही जी दिसतात, किमान दोन महिने टिकतात आणि ज्यांना दुसरं कारण सापडत नाही, अशा लक्षणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१मध्ये रीतसर व्याख्या केली. थकवा आणि धाप त्यात ठळकपणे आहेत. म्हणजे इतके दिवस दम लागणारा माणूस नाटक करत नाही, त्याच्या त्रासाला नाव आहे आणि त्यावर इलाजही चालू आहेत. सुधारणा संथ असते, मागे-पुढे होते. पण आठवड्यांमागून आठवडे जाऊनही काडीचा फरक नसेल किंवा धाप वाढतच असेल, तर व्यायाम नेटानं रेटत राहू नका, छातीच्या डॉक्टरांकडे परत जा.

आणि फिजिओथेरपिस्टला एकदा तरी प्रत्यक्ष भेटा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, केसपेपर काढून तिथे जाता येतं. मी इथे लिहिलेलं वाचून हात पोटावर कुठे ठेवायचा ते कळेल, पण तुमचे खांदे वर जात आहेत की नाही, हे समोर बसलेल्या जाणत्या माणसालाच दिसतं. तुमच्या घरात कुणी आजारातून उठून अजून जिन्यात थांबत असेल, तर या आठवड्यात त्यांना घेऊन जा.